सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) सोडून त्या विटांच्या खोक्याकडे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आता परत विचारू नका. शिकागोला आलेल्या पाहुण्यांना मी आधी मोनाडनॉक या जुन्या ऑफिस-बिल्डिंगसमोर का उभं करते? सोळा मजली तपकिरी विटा, नक्षीचा पत्ता नाही. "ही तर गिरणी वाटते गं" हे ऐकून कान किटलेत.

नक्षी नाही कारण मालक ब्रुक्स बंधू बॉस्टनचे, पैशाला चिकट. भिंतीतून काही बाहेर काढलं की घाण साठते, कबुतरं-चिमण्या बसतात, म्हणून नकोच. (दादरकरांना हे सांगायला लागू नये.) मग आर्किटेक्ट जॉन रूटनं भिंतच वळवली, तळाशी पसरट, वर जाताना आत, छपराशी परत बाहेर. खाली विटांची जाडी सहा फूट! १८९१ च्या जानेवारीत, बिल्डिंग पुरी व्हायच्या आधीच तो न्यूमोनियानं गेला, ४१ व्या वर्षी.

आता खरं कारण. बाबा आले होते, ओव्हरसिअर म्हणून रिटायर झालेले, आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणीही सोबत होत्या. मी दक्षिणेला, व्हॅन ब्युरेन स्ट्रीटच्या टोकाला उभी राहून तावातावानं सांगत होते की हा सगळा भार नुसत्या विटांवर आहे. बाबांनी खिडकीच्या कडेला वीत लावून बघितली आणि म्हणाले, "एवढ्याशा भिंतीवर इतके मजले? आत लोखंड असणार बाळ." मी म्हटलं, "बाबा, हे मिरजेचं काम नाहीये, तुम्हाला नाही कळायचं." मैत्रिणींना मराठी येत नाही, पण माझा सूर त्यांना कळलाच. बाबांनी हात पाठीमागे बांधले ते घरी येईपर्यंत सोडले नाहीत.

रात्री वाचलं. दक्षिणेकडचा अर्धा भाग नंतरचा, १८९३ ला पुरा झालेला, होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्याच आर्किटेक्टांचा, आणि त्या टोकाला स्टीलचा सांगाडा, विटा नुसत्या अंगरख्यासारख्या. मी चुकीच्या टोकाला उभी होते.

सांगितलं नाही त्यांना. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून उत्तरेला, जॅक्सन रस्त्याच्या बाजूच्या जुन्या भागाकडे नेलं. दारातून आत जाताना पायरी उतरायला लागते तिथं ते थबकले. "खचलीय का?" हो, पुढे २० इंच खचली, बांधताना धरले होते आठच. कित्ती खूश झाले! कालचं दोघांनीही काढलं नाही.

आधी मी हिला 'प्रामाणिक' बिल्डिंग म्हणायचे. कसली प्रामाणिक, जुन्या भागातही वाऱ्यासाठी आत लोखंडाच्या चौकटी आहेतच, बिल्डिंगच्या पायातही स्टील आहे. तेव्हाही हे मला माहीत असतं तर बाबांशी नीट बोलले असते का? नसतेच बहुतेक, तोंडच तसं होतं माझं.

पुढच्या महिन्यात नणंद येतेय. तिलाही नेणार, आधी जॅक्सनच्या बाजूनं.