आळं करायचं नाही!

कुडाळच्या लाल मातीत वाढलेल्या बाईला जॉर्जियाची लाल माती बघून उमाळा येणारच. अटलांटाला घर घेतलं तेव्हा मीही फसले. रंग तोच, पण गुण पार वेगळा. आमच्याकडे जांभ्यातून पाणी बघता बघता झिरपून जातं. इथली माती चिकण, ओली असली की कुंभाराने उचलून न्यावी अशी.

तर, अझेलिया, म्हणजे फुलांचं एक झुडूप. शेजारीपाजारी जे दाट, बारा महिने हिरवे, कातरून गोल केलेले दिसतात ते मूळचे जपानकडचे. इथला देशी अझेलिया वेगळा. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या काटक्या उरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये त्या काटक्यांवर पानांच्या आधीच गुलाबी फुलं येतात, लांब पुंकेसरांची, वासाची. हा पीडमाँट अझेलिया. (अझेलिया १९७९पासून जॉर्जियाचं राज्य रानफूल आहे.)

पहिलं रोप मी आईच्या पद्धतीने लावलं. फूटभर खड्डा, त्यात भरपूर कंपोस्ट, भोवती छान रुंद आळं. व्हिडिओ कॉलवर आईची पसंतीही मिळाली: "गो, पाणी रवाक व्हया." पाणी राहिलंच! चिकणमातीतला मऊ खड्डा म्हणजे बादली. जूनमध्ये रोप उपटलं तर मुळं काळी पडलेली आणि गटारासारखा वास.

दुसरं घराच्या भिंतीला लागून लावलं. ते मेलं नाही, पण पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. म्हणजे लोह कमी. मी हसलेच, लाल माती लोहानेच तर लाल असते! मग माती युनिव्हर्सिटीच्या कृषी विस्तार केंद्रात तपासायला दिली. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.७ (आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी). पायाच्या सिमेंटमधला चुना पाझरून तिथली माती गोडी, म्हणजे कमी आंबट झालेली. अझेलियाला आंबट लागते, साडेचार ते सहाच्या मधली. पीएच चढला की लोह मातीत असूनही विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. ताट वाढलेलं, पण हात बांधलेले.

तिसऱ्या वेळी सगळं उलटं केलं. जागा मागच्या पाइनखालची, कवडशांच्या उन्हाची. खड्डा उथळ आणि रुंद. मातीत पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिसळला. कुंडीत गोल गोल वळलेली मुळं बोटांनी सोडवली. केसांतला गुंता काढावा तशी, कारण ती दोऱ्याइतकी बारीक असतात आणि जेमतेम वरच्या वीतभर मातीत पसरतात. मुळांचा वरचा तिसरा हिस्सा जमिनीच्या वर ठेवून भोवती उंचवटा केला. वर पाइनच्या सुया, तीन इंच. बुंध्याला मात्र टेकवल्या नाहीत. खत शून्य. पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा सावकाश पाणी, बस्स.

यंदा पहिल्यांदा फुलला. सात गुच्छ. फोटो पाठवला तर फुलांबद्दल एक अक्षर नाही, आईचा सरळ प्रश्न: "आळां खंय असा?"

आता डेकवर प्लमलीफ अझेलियाचं रोप ठेवलंय. हा जॉर्जिया-अलाबामा सीमेवरच्या ओढ्याकाठच्या घळींतला, भर जुलै-ऑगस्टात लाल फुलणारा. नोव्हेंबरमध्ये लावीन. सालीच्या चुऱ्याची दोन पोती गॅरेजमध्ये येऊन पडलीत, आणि नवऱ्याची गाडी बाहेर.