वेबपीचा बग घरच्या लॅपटॉपवर: सहावा शनिवार

अखेर प्रोग्रॅम पडला! काल रात्री पावणेबाराला. मी इतक्या जोरात ओरडलो की बायको बाहेर येऊन विचारून गेली, पाल पडली का अंगावर.

जे आत्ताच येताहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. मी सीव्हीई-२०२३-४८६३ या क्रमांकाने नोंदलेला सुरक्षा बग घरी पुन्हा घडवून बघतोय: मुद्दाम बिघडवलेलं चित्र उलगडताना प्रोग्रॅम ठरलेल्या मेमरीबाहेर लिहितो. लिबवेबपी ही गूगलची सी भाषेतली लायब्ररी वेबपी फॉरमॅटमधली चित्रं उलगडते, आणि क्रोम, फायरफॉक्सपासून इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचा सांगाडा) बांधलेल्या निम्म्या डेस्कटॉप अ‍ॅपांपर्यंत सगळीकडे तीच बसलेली असते. ६ सप्टेंबर २०२३ ला अ‍ॅपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी बग कळवला, ११ ला क्रोमचा पॅच आला, १२ ला फायरफॉक्स ११७.०.१, आणि पाठोपाठ लिबवेबपी १.३.२. मी १.३.१ वर, म्हणजे पॅचआधीच्या आवृत्तीवर, काम करतोय.

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की फाइल तयार आहे, नुसता क्रॅश तेवढा होत नाहीये. कारण सांगायला लाज वाटते. १.३.१ मी अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीबाहेर हात गेला की प्रोग्रॅम थांबवून सांगणारं साधन) लावून व्यवस्थित बिल्ड केली होती, पण माझा टेस्ट प्रोग्रॅम लिंक होत होता सिस्टीमच्या लायब्ररीशी, म्हणजे पॅच झालेल्या. दोन शनिवार मी दुरुस्त केलेल्या कुलपाला किल्ल्या लावत बसलो होतो. एलडीडी (प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररीशी जोडलाय ते दाखवणारी कमांड) मारून बघायला दहा सेकंद लागतात. तुम्ही आधी मारा.

आता मुद्द्याचं. लॉसलेस (तपशील न गमावणाऱ्या) वेबपीत पाच हफमन कोड (नेहमी येणाऱ्या चिन्हाला कमी बिट देणारे कोड) एका गटात येतात: हिरवा, लाल, निळा, अल्फा आणि अंतर. ते उलगडायची पाचही टेबलं एकाच सलग मेमरीत एकापाठोपाठ मांडतात. प्रत्येक टेबल दुमजली: आठ बिटांपर्यंतचे कोड खालच्या २५६ घरांत, त्याहून लांब, म्हणजे १५ बिटांपर्यंतचे, वरच्या मजल्यावर. कलर कॅश (नुकत्याच आलेल्या रंगांची साठवण) नसेल तर हिरव्याला जास्तीत जास्त ६५४ घरं, पुढच्या तिघांना प्रत्येकी ६३०, अंतराला ४१०. बेरीज २९५४. एक घर चार बाइटांचं, म्हणून ११,८१६ बाइट. सोर्समध्ये हे आकडे थेट लिहून ठेवलेले आहेत.

आकडे कुणी अंदाजपंचे टाकलेले नाहीत. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीबरोबर मार्क अ‍ॅडलर यांचा ‘इनफ’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो, त्यातून काढलेत. (हेच गृहस्थ नासाच्या स्पिरिट रोव्हरच्या मंगळप्रवासाचे मॅनेजर होते. काही माणसांच्या दिवसाला तास जास्त असावेत.) मी ‘इनफ’ला ४०, ८, १५ (अंतराची चिन्हं, खालच्या मजल्याचे बिट, कमाल बिट) असं दिलं आणि समोर ४१० आलं तेव्हा उगाच बरं वाटलं.

म्हणजे गणित बरोबर आहे. फक्त हफमन कोड झाडासारखा मांडतात, आणि ते पूर्ण झाडांचं गणित आहे, जिथे प्रत्येक फांदीच्या टोकाला चिन्ह आहे. फांद्या उघड्या सोडल्या तर वरच्या मजल्याची मोजणी भरकटते. किती बिटांचं उपटेबल घ्यायचं हे ठरवणारं फंक्शन फांद्या भरेपर्यंत पुढे सरकत राहतं. त्या भरल्याच नाहीत तर ते थेट १५ बिटांपर्यंत जातं आणि १२८ घरं मागतं. झाड पूर्ण आहे का याची तपासणी १.३.१ मध्येही आहे, पण ती टेबल भरून झाल्यावर. बैल गेला अन् झोपा केला.

यातली माझी आवडती ओळ घरं भरणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. ते टेबल शेवटाकडून सुरुवातीकडे भरतं. एकेक घर पुढे जात कुंपण ओलांडतंय असं होत नाही; पहिलीच उडी थेट कुंपणापलीकडे पडते. हे मी डीबगरमध्ये एकेक पायरी चालवून बघितलं, तीनदा.

खरं किचकट काम वेगळंच होतं. पहिली चार टेबलं अगदी काठोकाठ, २५४४ घरांपर्यंत भरायची. थोडी जरी मोकळी जागा राहिली तरी पाचव्याचा उद्दामपणा तिच्यातच मावून जातो. त्या मापाच्या कोडलांब्या ‘इनफ’च्या मदतीने काढल्या आणि पायथनने फाइलमध्ये लिहिल्या. तिथे बिटांची दिशा चुकली. वेबपी कमी किमतीचा बिट आधी वाचतं, मी उलटं लिहीत होतो. शिवाय कोडलांब्याही कोड करून येतात, आणि त्या कोडच्या लांब्या फाइलमध्ये १७, १८, ०, १, २ अशा विचित्र क्रमाने येतात. पंचवीसेक वेळा ‘बिटस्ट्रीम एरर’ खाल्ला.

मधल्या काळात लिबफझर (प्रोग्रॅमला आपोआप वेडंवाकडं इनपुट देऊन बघणारं साधन) चार रात्री चालू ठेवला होता. काही नाही. आश्चर्यही नाही: ही लायब्ररी ओएसएस-फझवर (गूगलची अशाच तपासणीची सेवा) वर्षानुवर्षं होती आणि तिथेही हा बग निसटला. फझरला नवी ओळ चालली की कळतं. चार टेबलं काठोकाठ भरत आली आहेत, हे त्याला कोण सांगणार?

तर कालची रात्र. सॅनिटायझरने लाल अक्षरांत ‘हीप-बफर-ओव्हरफ्लो’ (नेमून दिलेल्या मेमरीबाहेर हात गेला) असं लिहिलं आणि खाली ११८१६ बाइटांचा तुकडा दाखवला. तोच आकडा! मग मी तीच फाइल साध्या बिल्डला दिली, सॅनिटायझरविना. क्रॅश नाही, काही नाही. ‘बिटस्ट्रीम एरर’ म्हणून प्रोग्रॅम सभ्यपणे बंद झाला. शेजारच्या मेमरीवर लिहून झालं होतं आणि त्याचा मागमूस नव्हता. ओरडण्यापेक्षा या शांततेनेच मला जास्त वेळ जागं ठेवलं.

आज सकाळी तेच फंक्शन रस्टमध्ये, म्हणजे मेमरीची राखण करणाऱ्या भाषेत, उतरवलं. अनसेफ (ती राखण सैल करणारा शब्द) कुठे नाही, आणि चूक मुद्दाम तशीच ठेवली: तेच २९५४, तीच उशिराची तपासणी. प्रोग्रॅम पडला, पण ‘इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स, लांबी २९५४’ असं सांगून. गणिताची चूक रस्टने पकडलेली नाही, हे लक्षात घ्या. त्याने फक्त बाहेर लिहू दिलं नाही. क्रोमियमने (क्रोम ज्यावर बांधलाय तो मुक्त प्रकल्प) २०२० मध्ये आपले गंभीर सुरक्षा बग मोजले तेव्हा सुमारे ७० टक्के मेमरीच्या गोंधळाचे निघाले होते. तो आकडा मी आधी दहा ठिकाणी वाचला होता, पण त्यातला एक नमुना स्वतः मांडीवर घेऊन बसल्यावर तो वेगळा वाटतो.

१.३.२ चा पॅचही वाचला. आधी टेबल न भरता फक्त मोजायचं, अपुरं झाड तिथेच नाकारायचं, जागा कमी पडली तर नवी घ्यायची, मग भरायचं.

फाइल मात्र मागू नका. जुनी लिबवेबपी अजून कुठल्या कुठल्या अ‍ॅपांच्या पोटात पडून आहे देव जाणे, आणि पाठवलेलं चित्र कुठवर जाईल याचा नेम नाही.

पुढचा शनिवार: युज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं. क्रोमियमच्या त्या ७० टक्क्यांतला निम्मा वाटा त्याचाच. पूर्ण क्रोमियम बिल्ड करणं माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपला झेपणारं नाही, तेव्हा मिरॅकलपॉइंटरची (क्रोमियमचा या बगांवरचा बचाव) छोटी नक्कल दोनशे ओळींत जमते का बघतो. पार्टिशनअलॉकचा (क्रोमियमचा मेमरी वाटणारा भाग) सोर्स कुणी वाचला असेल तर सुरुवात कुठल्या फाइलपासून करावी ते सांगा.