जिल्ल-उस-सुलतान प्लेट : गुलाबी एकदाचा गुलाबी आला!

आला! भट्टी आज सकाळी उघडली आणि मधल्या शेल्फवरच्या प्लेटवर सगळ्या पॅनलमधल्या बायकांचे झगे एकाच गुलाबी रंगात, कुठे तपकिरी नाही, कुठे जांभळट नाही. मी ती प्लेट खिडकीत नेऊन उलटसुलट करून बघत बसले, चहा तसाच गार झाला. मागचा अपडेट ज्यांनी वाचलाय त्यांना कळेल काय म्हणतेय ते.

नवीन लोकांसाठी पटकन सांगते. कँटनच्या (चीनमधलं आजचं ग्वांगझू) चित्रकारांनी इराणसाठी रंगवलेल्या गुलाबी-हिरव्या भांड्यांमध्ये माझा जीव अडकलाय तो एका सेटवर. इराणचा बादशहा नासिरुद्दीन शाहचा, जगलेल्या मुलांमधला सगळ्यात मोठा मुलगा मसूद मिर्झा, म्हणजे जिल्ल-उस-सुलतान, इस्फहानचा गव्हर्नर. आई काजार या राजघराण्यातली नव्हती म्हणून युवराजपद हुकलं, पण दक्षिण इराणचा मोठा भाग बरीच वर्षं त्याच्या हातात होता. त्याच्या नावाने रंगवलेल्या भांड्यांवर फारसीत नाव आणि हिजरी १२९७ हे साल आहे, म्हणजे १८७९ चा डिसेंबर ते १८८० चा डिसेंबर. कँटनच्या या मालावर साल सहसा नसतंच, त्यामुळे बाकीच्या बिनतारखेच्या प्लेटा कुठल्या काळातल्या हे ठरवताना आपण सगळे फिरून या सेटपाशीच येतो. मला तसं एक पॅनल हुबेहूब रंगवायचंय, सजावटीसाठी नाही तर ते कसं केलं असेल हे हाताला कळावं म्हणून.

तर प्रॉब्लेम. गुलाबी रंग सोन्यातून येतो, काचेत अतिशय बारीक विखुरलेले सोन्याचे कण. कमी तापला तर तपकिरी राहतो, जास्त तापला तर जांभळाकडे सरकतो, आणि माझ्याकडे एकाच प्लेटवर दोन्ही होत होतं! वरच्या कडेचे झगे जांभळट, खालच्या कडेचे विटकरी, मधे दोन बोटं जागा अगदी परफेक्ट. भट्टीचा कंट्रोलर मात्र दर वेळी शांतपणे ७८० अंश दाखवतोय. आधी रंगावर संशय होता, मग मीडियमवर (रंग कालवायचं तेल), लवंगाचं तेल कमी करून पाहिलं, थर पातळ केला, झाकण ५०० अंशापर्यंत किलकिलं ठेवलं म्हणजे तेलाचा धूर नीट निघून जावा. धुराने फरक पडला हे खरं, रंग जास्त स्वच्छ आला, पण वरखालीचा घोळ होता तसाच.

शेवटी कोन लावले, म्हणजे ठरावीक आंच लागली की वाकणारे छोटे सुळके; ०१८ सगळ्यात आधी वाकतो, ०१६ सगळ्यात शेवटी. वरच्या, मधल्या, खालच्या शेल्फवर ०१८, ०१७ आणि ०१६ असा एकेक सेट. वरचा ०१६ पार लोळला होता, खालचा ०१७ जेमतेम वाकलेला! म्हणजे थर्मोकपल (कंट्रोलरची तापमान मोजणारी तार) फक्त त्याच्या नाकासमोरची हवा मोजतोय आणि मी प्लेट स्टँडवर उभी ठेवत होते, एक कड वरच्या एलिमेंटजवळ आणि दुसरी थंड तळाशी. कोन नुसतं तापमान सांगत नाही, किती वेळ तापलं तेही धरतो, म्हणून एनॅमलसाठी (भांड्याच्या ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या थरावर, रंगवून भाजायचा रंग) माझा विश्वास आता कोनावरच. ज्यांच्याकडे डिजिटल कंट्रोलर आहे त्यांनीही कोन लावा, प्लीज, एवढं कळकळीने सांगते.

मग प्लेट आडवी, मधल्या शेल्फवर, तीन पायांच्या स्टिल्टवर, वर खाली रिकामं. तापमान ७६० ला आणलं आणि तिथे थोडा वेळ धरून ठेवलं, आणि गुलाबी एका जाड थराऐवजी दोन पातळ थरांत, प्रत्येक थराला वेगळं फायरिंग. बस्स. पहिल्या फायरिंगनंतर फिका वाटला तेव्हा पोटात गोळा आला होता, पण दुसऱ्या थराने तो भरला आणि झग्याच्या घड्या पण दिसायला लागल्या, कारण पातळ थरातून खालची काळी रेघ वर येते. कँटनवाल्यांचे झगे असेच दिसतात, जवळून बघा.

आणि आता विचार करा, ग्वांगझूतल्या त्या कारखान्यांत कोरी भांडी जिंगदेझेन या पोर्सलीनच्या गावाहून नदीने आणि मेइलिंगचा घाट ओलांडून यायची, आणि इथे कोळशाच्या छोट्या भट्ट्यांमध्ये, नजरेने अंदाज घेत, डिनर सेटच्या सेट रंगवून भाजले जायचे. मला एका प्लेटची दोन टोकं जुळवताना नाकी नऊ आले. त्या भट्टीवाल्यांबद्दल माझा आदर प्रचंड वाढलाय आणि आपल्याकडे लिहिताना सगळं कौतुक चित्रकारांचं होतं हे मला पटत नाही.

सामानाबद्दल थोडं. एका सप्लायरचा स्वस्त गुलाबी मागवला होता, त्याने कुठल्याच तापमानाला गुलाबी दिला नाही, त्यात सोनं आहे की नाही अशी शंका यावी इतका मळकट. सोन्याचा गुलाबी महागच असतो, छोटी पुडी घ्या पण खरी घ्या. आणि कोऱ्या प्लेटा बोनचायनाच्या नकोत, त्याची ग्लेझ मऊ, एनॅमल आत बुडतं आणि कँटनचा तो बोटाला लागणारा उंचवटा मिळत नाही. हॉटेलवाले वापरतात त्या कडक पोर्सलीनच्या पांढऱ्या प्लेटा मस्त चालतात. जुन्या बाजारातल्या वापरलेल्या प्लेटांच्या मात्र वाट्याला जाऊ नका, आत ओल मुरलेली असते आणि भाजल्यावर काळे ठिपके फुटतात.

पुढचा क्रम ठरला होता : गुलाबीनंतर हिरवा, मग लोहाचा लाल कारण त्याला जास्त आंच सोसत नाही, सगळ्यात शेवटी सोनं, आणि कार्टूशमधलं (नावासाठीची चौकट) नाव पण सोन्यातच. पण हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की नाव काळ्यात करावं. नस्तालिकची (फारसीची वळणदार लिपीशैली) ओळ उजवीकडून तिरकी खाली उतरते, जाड-बारीक फटकारे असतात, आणि लिक्विड गोल्ड कडेला पसरलं की अक्षरच गेलं. काळ्यात केलं तर बाह्यरेषांबरोबर पहिल्याच फायरिंगला पक्कं होईल आणि बाकी सगळी नक्षी त्याच्याभोवती येईल. म्हणजे ही प्लेट कार्टूशशिवायच पूर्ण करायची आणि नावाची प्लेट नव्याने सुरू करायची. हो, तसंच करणार.

अजून एक डोक्यात घोळतंय. इराणचा बादशहा शाह अब्बासने १६११ मध्ये तिथल्याच अर्दबीलच्या दर्ग्याला ११६२ चिनी भांडी दान केली, त्यांच्यावर त्याचं नाव छोट्या आयतात कोरलेलं आहे, ग्लेझमध्ये, भांडं इराणात पोचल्यावर. जिल्लचं नाव रंगात, अर्दबीलचं हत्याराने. हिऱ्याची बारीक बर (कोरायच्या मशीनचं फिरणारं टोक) आणि पाण्याची धार घेऊन एका खराब झालेल्या प्लेटवर तसा आयत कोरून बघायचाय, विटकरी-जांभळट प्लेटा आहेतच साठलेल्या. ग्लेझ न टवकता अक्षराचं वळण किती छोटं जमतं ते बघते. कुणी पोर्सलीनवर कोरीवकाम केलं असेल तर बरची साइझ आणि स्पीड सांगा.

आणि इथून पुढे प्रत्येक प्लेटच्या पाठीवर गुलाबीचा एक छोटा ठिपका लावणार आहे, म्हणजे ती प्लेट भट्टीत जिथे होती तिथली आंच तिच्याच पाठीवर नोंदलेली राहील. हिरव्याचं फायरिंग रविवारी.