सॅम्पलपेक्षा ब्लँकमध्येच तेल जास्त! (माझा अनुभव)

किनाऱ्याजवळच्या पाण्यात पेट्रोलियमचे अंश किती आहेत हे मोजायचं काम गळ्यात पडलं तेव्हा वाटलं, त्यात काय, पाणी आणायचं, हेक्सेनमध्ये (तेल विरघळवणारा द्रव) तेल उतरवायचं, फ्लुरोसन्सच्या मशीनला (प्रकाश टाकल्यावर तेल किती चमकतं ते मोजणारं) लावायचं. आणि खरंच तेवढं सगळं सुरळीत झालं. अडकले ते ब्लँकवर. तीन आठवडे!

ब्लँक म्हणजे समुद्राचं पाणी न घालता बाकी सगळं तस्संच करायचं, आकडा जवळपास शून्य यायला हवा. माझा ब्लँक सॅम्पलच्या वर. म्हणजे समुद्र स्वच्छ आणि आमची लॅब तेलकट. मुळात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम शोधायचे असतात, त्यामुळे कुठे जरासं ग्रीस लागलं तरी खेळ खलास. आधी संशय सेपरेटरी फनेलच्या (पाणी आणि हेक्सेन वेगळं करायचं काचेचं भांडं) तोटीवर, ग्रीस पुसून टेफ्लॉनची तोटी बसवली, आकडा थोडा उतरला, पुन्हा तिथेच. मग म्हटलं हेक्सेनच खराब. नवीन बाटलीसाठी फॉर्म, त्यावर दोन सह्या, आणि स्टोअरवाले म्हणतात बाटलीवर शुद्ध लिहिलंय ना मग शुद्धच आहे. आठवडाभर भांडले. शेवटी वैतागून १०० मिली हेक्सेन आटवून ५ मिलीवर आणलं आणि मशीनला लावलं, तर चक्क स्वच्छ! (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, तुम्ही करा. स्टोअरवाल्यांना मी अजून सांगितलेलं नाही.)

चोर निघाला सोडियम सल्फेट. हेक्सेनमधलं उरलंसुरलं पाणी शोषायला घालतो ती पांढरी पावडर, प्लॅस्टिकच्या डब्यात, आत प्लॅस्टिकचाच चमचा. ४५० डिग्रीला चार तास भट्टीत भाजली, काचेच्या बरणीत भरली, दुसऱ्या दिवशी ब्लँक धाडकन खाली. एकटीच हसत बसले.

हां, पाणी आणतानाचं राहिलं. बाटली गडद काचेची घ्या आणि एक मीटर खाली गेल्यावरच उघडा, नाहीतर वरचा तवंग आत येतो. बोटीच्या इंजिनाच्या धुराकडे तोंड करून तर अजिबात भरू नका. समुद्राच्या पाण्याने बाटली विसळायची नाही, तेल काचेला चिकटतं, उलट रिकामी झाल्यावर हेक्सेनने विसळून तेही फनेलमध्ये ओता.

मशीनमध्ये सॅम्पलवर ३१० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि चमक ३६० ला वाचायची. स्टँडर्ड, म्हणजे ज्याच्या चमकेशी ताडून आकडा काढतो तो पदार्थ, आम्ही क्रायसीन घेतलं, दुसऱ्याने कच्चं तेल घेतलं असेल तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. शिवाय चमकतात फक्त अॅरोमॅटिक (तेलातली बेंझिनसारखी कडी असलेली संयुगं), बाकीचं तेल या मशीनला दिसतच नाही. नॅफ्थलीन किती, पायरीन किती असं एकेक संयुग वेगवेगळं हवं असेल तर जीसी-एमएसच (मिश्रणातली संयुगं वेगळी करून ओळखणारं मशीन) लागतं. आणि फारच तेलकट सॅम्पल असेल तर पातळ करून परत वाचा, दाट असलं की चमक उलटी कमी होते आणि आपण फसतो.

तो प्लॅस्टिकचा डबा अजून कपाटात आहे, वर मार्करने 'हात लावू नका' लिहून ठेवलंय.