पाठ, डावीकडे, ८ दिवस

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाशिकहून सुमारे २८ किलोमीटर. सातपूरच्या रस्त्याने दिंड्या जाताना दरवर्षी मी गॅलरीतून हात जोडायची. यंदा निफाडकडच्या एका दिंडीत मागच्या ओळीत शिरले.

निघायच्या आधी आठ दिवस पाठीत डावीकडे दुखत होतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला पाठदुखी ही नुसती पाठदुखी वाटत नाही. हाडांत गेला असेल, हेच आधी मनात येतं. उपचार संपून तीन वर्षं झाली. कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज रात्री लेट्रोझोलची गोळी चालू आहे, आणि त्या गोळीनेही सांधे धरतात. मग दुखणं गोळीचं, वयाचं की त्याचं, ओळखायचं कसं? मागे एकदा मी पेट स्कॅनचा हट्ट धरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही लक्षण नसताना स्कॅन करून आयुष्य वाढत नाही. मॅमोग्राफी दरवर्षी, तपासणी ठरल्या दिवशी. नवीन दुखणं दोन आठवड्यांत हटलं नाही किंवा रात्री झोपेतून उठवायला लागलं, तर मात्र लगेच यायचं." तेव्हापासून दुखण्याची तारीख एका छोट्या वहीत लिहिते. घरात बोलत नाही. बोललं की मुलाचा चेहरा उतरतो, मग त्यालाच धीर देत बसावं लागतं.

महिरावणीच्या पुढे थंडी बोचत होती. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो, म्हणून त्यावर घट्ट बाही चढवलेली. त्या हाताने ओझं उचलायचं नाही. शेजारच्या तुळसवाल्या मावशींचं लक्ष गेलं.

"हाताला काय झालं गं माउली?"

"ऑपरेशन झालंय."

"छातीचं?"

मी मान हलवली. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. गर्दीचा धक्का लागू नये म्हणून त्या माझ्या डाव्या बाजूला आल्या आणि त्र्यंबकपर्यंत ती बाजू त्यांनी सोडली नाही. मान अवघडली की म्हणायच्या, "उजव्या हातानं वृंदावनाला आधार दे जरा." पितळ बर्फासारखं गार लागायचं.

अंजनेरीजवळ विसावा झाला. महाराजांनी निवृत्तिनाथांची कथा सांगितली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, सगळे पळाले, निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला. लहानपणापासून ऐकलेली. पण यंदा माझं मन गुहेत गेलंच नाही, निवृत्तीच्या आईपाशी, रुक्मिणीबाईंपाशी अडकलं. वाघ निघून गेल्यावरही त्या माउलीला रानातल्या प्रत्येक सळसळीला धस्स झालं असेल. कुणी म्हणालं असेल, "गेला गं वाघ आता." मला तीन वर्षं हेच म्हणतात, आणि प्रेमानेच म्हणतात. त्या झाडीशेजारी बसून मी पहिल्यांदा मोकळी रडले. मावशींनी भाकरीचा तुकडा हातात ठेवला.

त्र्यंबकला गर्दीमुळे लांबूनच दर्शन झालं. रात्री राहुटीत मावशी माझ्या तळपायांना तेल चोळत होत्या.

"कुठं दुखतंय?"

"पोटऱ्या. टाचा. आणि पाठ, डावीकडे."

पोटऱ्यांचं दुखणं मला गोड वाटत होतं; ते कशाने आलं ते माहीत होतं. पाठीचं अजून माहीत नव्हतं. गोळी घेतली, वही काढली. 'पाठ, डावीकडे, ८ दिवस' याच्याखाली लिहिलं, 'आज १०वा. चालून वाढलं नाही. बुधवारी डॉक्टरांना सांगायचं.'

"अभंग लिहितीस का?" मावशींनी विचारलं आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.