शुक्रवारची रेघ

आपल्याकडे शुक्रवार म्हणजे श्रावणात जिवतीचे फुटाणे, थिएटरला नवा सिनेमा आणि शनिवारी सुट्टी असणाऱ्यांचं दुपारपासूनच घड्याळाकडे डोळे लावणं. गोल्फ खेळून पोट भरणाऱ्या बाईचा शुक्रवार मात्र वेगळा. तिला संध्याकाळपर्यंत कळायचं असतं की रविवारपर्यंत मुक्काम आहे, की आत्ताच बॅग भरायची.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं आपण म्हणतो. गोल्फच्या मोठ्या स्पर्धेला मुळात दिवसच चार. रोज अठरा होल, म्हणजे चेंडू घालायची अठरा भोकं, एकूण बहात्तर. पहिले दोन दिवस सगळ्या खेळतात, मग यादीवर एक रेघ मारली जाते. तिला म्हणतात ‘कट’. रेघेच्या वर साधारण सत्तर जणी राहतात, बाकीच्या घरी. घरी म्हणजे खरं तर पुढच्या गावाच्या विमानतळावर. बहुतेक स्पर्धांत त्यांच्या हाती बक्षिसाचा छदामही पडत नाही. तिकीट, हॉटेल, जेवण आणि कॅडीचा आठवड्याचा पगार, सगळं पदरचं. कॅडी तिच्या क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, जड बॅग खांद्यावर घेऊन दोन दिवस चाललेला असतो, ती हरली म्हणून त्याचे पैसे थोडेच बुडवता येतात!

2021च्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी आपण सगळे अचानक गोल्फचे जाणकार झालो होतो. बंगळूरची अदिती अशोक टोकियोत पदकाच्या अगदी दारात होती, आणि ‘बर्डी’ चांगली की वाईट हे विचारत विचारत घरोघरी सामना बघितला जात होता. ती चौथी आली. पण त्या दिवशी आपल्याला ही रेघ दिसलीच नाही, कारण ऑलिम्पिकमध्ये ती नसते. साठ जणी चारही दिवस खेळतात. व्यावसायिक गोल्फमधलं सगळ्यात क्रूर गणित वगळूनच आपली त्या खेळाशी ओळख झाली म्हणायची.

मला या रेघेवरून इटलीची गोल्फपटू सिल्विया कावाल्लेरी आठवते. जन्म 1972, गाव मिलान. खेळांची बातमी गुलाबी कागदावर छापणारं इटलीचं प्रसिद्ध दैनिक याच शहरातलं, आणि त्या गुलाबी पानांवर फुटबॉल, सायकलशर्यती नि मोटारी यांतून उरलेल्या जागेत गोल्फने अंग चोरून बसायचं. पुरुषांच्या गोल्फने. बायकांच्या गोल्फला किती जागा उरत असेल, याचा अंदाज करायला फार बुद्धी लागत नाही.

अशा गावच्या सिल्वियाने 1997 साली अमेरिकेत जाऊन त्यांची महिलांची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रे बर्न क्लबवर अंतिम सामन्यात रॉबिन बर्कला तिने हरवलं, तेही चार होल खेळायचे शिल्लक असताना. इटलीची कुणीही त्याआधी ही स्पर्धा जिंकली नव्हती. पुरुषांची तशीच स्पर्धा एदोआर्दो मोलिनारीने जिंकली, ती आठ वर्षांनी. त्याच्या भावाचं, फ्रान्चेस्कोचं, 2018चं ब्रिटिश ओपनचं विजेतेपद तर अजून कुठल्या कुठे होतं. म्हणजे या वाटेवर पहिली पावलं बाईची. हे मी मुद्दाम सांगते, कारण रोमजवळ 2023 साली रायडर कप, म्हणजे पुरुषांचा युरोप विरुद्ध अमेरिका सामना, भरला तेव्हा इटालियन गोल्फची गोष्ट मोलिनारी बंधूंपासूनच सुरू होते असं वाटण्याइतका त्यांचाच उदोउदो होता.

हौशी अजिंक्यपद मिळालं, ती व्यावसायिक झाली. आणि अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, तिचा पहिला विजय आला 2007 साली. मधे दहा वर्षं.

तिच्याबद्दलच्या मजकुरात ही दहा वर्षं एका स्वल्पविरामात आटपतात. मला त्या स्वल्पविरामातच रस आहे. वर्षातले कितीतरी आठवडे, प्रत्येक आठवड्याला एक शुक्रवार. कधी रेघेच्या वर, कधी एक फटका जास्त झाला म्हणून खाली. एक फटका म्हणजे काय, तर हातभर अंतरावरचा ‘पट’, चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, जो भोकाच्या कडेला वळसा घालून बाहेरच थांबला. त्या हातभर अंतरावर आठवड्याची कमाई. आपल्या पगारातून एक दिवस कापला तर आपण अकाउंट्सच्या टेबलापाशी जाऊन बसतो. इथे कुणाशी भांडायचं? स्वतःचं स्कोअरकार्ड स्वतःच सही करून दिलेलं असतं.

आणि मग मेक्सिको, एप्रिल 2007. मोरेलिया हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1900 मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो, आणि रोजच्या सवयीने क्लब निवडला की अंदाज चुकतो. त्याच आठवड्यात लोरेना ओचोआ जगात पहिल्या क्रमांकावर पोचली होती. ती मेक्सिकोचीच, आदल्या वर्षी हीच स्पर्धा जिंकलेली. मैदान तिचं, माणसं तिची, ओरडणं तिच्यासाठी. सगळं गाव जिच्या स्वागताला जमलं होतं तिला मागे टाकून करंडक उचलला मिलानच्या चौतीस वर्षांच्या बाईने. एलपीजीए टूरवर जिंकणारी पहिली इटालियन. त्या टूरवरचा तिचा हा एकमेव विजय.

‘एकच?’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. शंभरावर जणी गुरुवारी सकाळी उभ्या राहतात, रविवारी एक जिंकते. उरलेल्यांत कित्येक जणी आयुष्यभर उत्तम खेळून एकदाही जिंकत नाहीत, आणि तरी त्यांना दर शुक्रवारी तितक्याच घट्ट मुठीने क्लब धरावा लागतो.

पुढे रोमची डायना लुना 2009 साली सोलहाइम कपच्या, म्हणजे बायकांच्या युरोप विरुद्ध अमेरिका सामन्याच्या, युरोपीय संघात आली, हाही इटालियन बायकांसाठी पहिलाच मान. मग त्रिएस्तेची जूलिया सेर्गास. 2016च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सेर्गास आणि मोलिनारो अशा दोन जूलिया इटलीकडून उतरल्या. अठरा वर्षांची अदिती त्याच मैदानावर होती.

विजेतीला एक सवलत मिळते. पुढचा काही काळ स्पर्धांमध्ये प्रवेश मिळेल की नाही, ही काळजी मिटते. रेघेत मात्र सवलत नाही. पुढच्या स्पर्धेत तीही गुरुवारी शून्यापासूनच सुरू करते, आणि दोन दिवसांत जमलं नाही तर करंडकवालीलाही हॉटेलची खोली रिकामी करावी लागते.