तुम्ही विचारलंत म्हणून: हे तण मी मुद्दाम का लावलं?

जुलैमध्ये आमच्याकडे जेवायला आलेलं कुणीही मागचं दार उघडून बागेत डोकावलं की हमखास विचारतं, "अगं, हे रस्त्याकडेचं तण कशाला वाढवलंयस?" इंग्लंडात आमच्या मिल्टन कीन्स गावातल्या मराठी मंडळींनी तर हा प्रश्न वाटून घेतला असावा, इतक्यांदा ऐकलाय.

ते आहे नॅपवीड. आणि ते लावायचं कारण आहे करडई.

माझं माहेर बार्शीकडचं. जनावरं आत शिरू नयेत म्हणून आजोबा ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी टाकायचे. काढणी अगदी पहाटे, कारण दवाने काटे जरा मऊ पडतात. तरी आजी हाताला फडकी गुंडाळल्याशिवाय शेतात उतरायची नाही. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात डन्स्टेबल डाउन्सच्या खडूच्या टेकडीवर गवतात जांभळी फुलं दिसली. फुलाखाली घट्ट, खवल्याखवल्यांचं गोल बोंड. हुबेहूब करडई! मी सवयीने हात मागे घेतला. मग भीतभीत बोट लावलं, तर काटा नाहीच. पुढे कळलं की दोन्ही शेवंती-झेंडूच्या कुळातल्या, आणि त्या कुळातही एकमेकींच्या जवळच्या भाऊबंद.

टेकडीवरचं होतं मोठं नॅपवीड, सेंटॉरिया स्कॅबिओसा. त्याची दोन रोपं नर्सरीतून आणली आणि पहिल्याच हिवाळ्यात घालवली. त्याला हवी चुन्याची, पाणी धरून न ठेवणारी जमीन. आमची माती चिकण, नोव्हेंबरात पाय रुतवणारी. खोल गेलेलं सोटमूळ कुजून गेलं. मग त्याच्या साध्या बहिणीकडे वळले: सेंटॉरिया नायग्रा. तिची बोंडं तपकिरी-काळी आणि इतकी टणक की इथले लोक तिला 'हार्डहेड्स' म्हणतात. तिला चिकणमाती चालते.

सप्टेंबरात ट्रेमध्ये बी टाकलं. पुढचं वर्षभर जमिनीलगत नुसती पानं. ह्यांनी दोनदा उपटायला घेतली होती! दुसऱ्या वर्षी जूनमध्ये फुलं आली ती थेट सप्टेंबरपर्यंत. खताचं मात्र मी चुकले. आपल्याकडची सवय, रोप लावलं की शेणखत. झाडं कमरेपर्यंत वाढली आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवी झाली. ही बाई उपाशी ठेवली की ताठ उभी राहते. आता खत शून्य, आणि मेअखेरीस शेंडे तिसऱ्या हिश्शाने छाटते. फुलं थोडी उशिरा येतात, पण टेकू लागत नाही.

पाहुणे मोजायचे तर पुरी तळायची राहून जाईल. बंबलबी नावाच्या गुबगुबीत मधमाश्या दिवसभर असतात. मेडो ब्राउन फुलपाखरं येतात, आणि एखाद्या वर्षी आफ्रिकेकडून पिढ्यापिढ्यांनी उडत आलेली पेंटेड लेडी. ही आपल्या सोलापुराकडेही दिसते, म्हणून तिचं मला जरा जास्त कौतुक. इंग्लंड-वेल्समधली फुलांची कुरणं १९३०च्या दशकानंतरच्या पन्नासेक वर्षांत जवळजवळ ९७ टक्के नाहीशी झाली. माझ्या दोन वाफ्यांनी ती काही परत येणार नाहीत. पण बंबलबीला तेवढंच.

फुलं सुकली की बोंडं कापू नका. बागेचा तो भाग तेव्हा अगदीच अजागळ दिसतो, मान्य. पण गोल्डफिंच नावाचे लाल तोंडाचे चिमुकले पक्षी बोंडावर लटकून बी काढतात, तो सोहळा चुकवण्यासारखा नाही. मी फेब्रुवारीत कापते. शेजारच्या आजोबांच्या हिरवळीत दोन रोपं उगवली तेव्हा मात्र जाऊन माफी मागितली. त्यांच्या कुंपणालगतची बोंडं आता ऑक्टोबरातच काढते.

सिएटलच्या माझ्या मावसबहिणीला फोटो फार आवडले, म्हणाली थोडं बी पाठव. साफ नाही म्हटलं. तिकडे हे परकं झाड. वॉशिंग्टन राज्यात ते घातक तणांच्या यादीत आहे, आणि त्याच्याच ठिपकेवाल्या नातेवाइकाने मोंटानाची चराऊ रानं व्यापून टाकलीत. "तिथल्या रानातलं काहीतरी लाव," म्हटलं.

रुसलीय अजून.